डॉ. पॉल यान्सन आणि त्यांचे दुधारी औषध

शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना जाणवू नयेत म्हणून आज जगभर फेन्टानिल हे औषध वापरले जाते. ज्यांनी ते शोधले त्या डॉ. पॉल यान्सन यांची ओळख आम्ही आज वाचकांना करून देत आहोत.

त्यांचा जन्म १२ सप्टेंबर १९२६ रोजी बेल्जियममधील टर्नहाउट गावी झाला. वडील डॉक्टर होते. औषधांचा व्यापारही करीत. १९३८ मध्ये पॉलची लहान बहीण क्षयाच्या मेंदूज्वराने दगावली. तिला वाचवील असे औषध त्या काळी नव्हतेच.

१९५१ साली पॉल डॉक्टर झाले आणि १९५३ मध्ये वडिलांच्याच इमारतीत त्यांनी छोटी प्रयोगशाळा थाटली. चरबीत सहज विरघळणारे औषध मेंदूत लवकर पोचते, हे त्यांनी हेरले. पेथिडिन या जुन्या वेदनाशामकाच्या रचनेत फेरफार करीत १९६० च्या सुमारास त्यांनी फेन्टानिल तयार केले. ते मॉर्फिनच्या सुमारे १०० पट तीव्र निघाले. १० मिलिग्रॅम मॉर्फिनचे काम त्याचे अवघे ०.१ मिलिग्रॅम करते! हृदयावरील मोठ्या शस्त्रक्रियांनाही त्याचा फार आधार झाला. मनोविकारांवरील हॅलोपेरिडॉल आणि जुलाबावरील लोपेरामाइड हीसुद्धा त्यांच्याच प्रयोगशाळेची देणगी.

परंतु जे औषध झटपट वेदना शमवते, तेच तितक्याच झटपट श्वासही मंदावते. मात्रा थोडी चुकली तरी रोगी गुंगीत जातो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास थांबतो. नॅलोक्सोन हा त्यावरचा उतारा. पण तो वेळेवर मिळाला तरच.

डॉ. यान्सन ११ नोव्हेंबर २००३ रोजी रोम येथे वारले. पुढे चोरून बनवलेल्या फेन्टानिलने अमेरिकेत हाहाकार माजवला. तेथे २०२२ या एका वर्षात कृत्रिम अफूवर्गीय द्रव्यांनी, मुख्यतः फेन्टानिलने, ७० हजारांहून अधिक बळी घेतले.

यात दोष संशोधकाचा नाही, असे आम्हाला वाटते. मात्र घरात कर्करोगाचा रुग्ण असेल आणि डॉक्टरांनी फेन्टानिलची चिकटपट्टी दिली असेल, तर ती दुसऱ्या कोणालाही लावू नये आणि तिच्यावर शेक देऊ नये. वापरलेल्या पट्टीतही औषध उरते, म्हणून ती मुलांच्या हाती लागू देऊ नये, ही आमची सर्व माता-पित्यांना कळकळीची विनंती.