महाराज संसारी होते तेव्हा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आषाढ शुद्ध प्रतिपदा म्हणजे प. प. श्री वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांची पुण्यतिथी. हातात दंड घेतलेला त्यांचा फोटो आपल्या बहुतेकांच्या देव्हाऱ्यात आहे. पण वयाच्या सदतिशीपर्यंत महाराज आपल्यासारखेच घरसंसारात होते, हे लक्षात राहत नाही. आज त्या वर्षांबद्दल.

जन्म 1854 चा, श्रावणातला, सावंतवाडीजवळच्या माणगावचा. गोव्याच्या मंडळींना तर हाकेच्या अंतरावर. वडील गणेशभट दत्तभक्तीत रमलेले, त्यामुळे नातवाला वेद शिकवला तो आजोबा हरिभटांनी. मोठेपणी भिक्षुकी, पंचांग, ज्योतिष, थोडी वैद्यकी. लग्न झालं, अन्नपूर्णाबाई घरी आल्या. 1883 मध्ये माणगावात दत्तमंदिर उभं राहिलं आणि तिथे सात वर्षं लोकांची रीघ लागली. दुसऱ्यांच्या अडचणींना रोज उत्तर देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र पाळणा हलत नव्हता.

मग एक दिवस पत्नीला घेऊन ते माणगावातून निघाले. पुढे मूल झालं, तेही मृत. आणि 1891 मध्ये गोदावरीकाठी गंगाखेडला अन्नपूर्णाबाई पटकीने गेल्या. गंगाखेड तेव्हा निजामाच्या राज्यात. घरापासून इतक्या लांब, ना सासर ना माहेर. तेराव्यापर्यंतची क्रिया महाराजांनी केली आणि चौदाव्या दिवशी संन्यास घेतला. तिथून चालत उज्जैनला. दंड मिळाला तो तिथे, नारायणानंद सरस्वतींकडून.

आता मागे वळून बघताना आपण पटकन दुवे जोडतो. मूल गेलं, पाश सुटला. पत्नी गेली, संन्यासाची वाट मोकळी झाली. सगळं देवाने आखलेलंच होतं, असं आपण सत्संगातही म्हणतो. मला स्वतःला हे इतक्या सहज म्हणवत नाही. अन्नपूर्णाबाईंच्या बाजूने बघा ना! ती माउली कुणाच्या वाटेतली धोंड नव्हती. गाव सोडून नवऱ्यामागे निघाली, मूल गमावलं, तरी चालत राहिली. तिचं मरण कशासाठी होतं, याचा हिशोब मांडायचा अधिकार आपल्याला कुठे आहे?

पण मागे बघितल्यावर एक गोष्ट मात्र दिसते. घोरकष्टोद्धरण स्तोत्र आपल्या घराघरांत म्हटलं जातं. कोर्टाची तारीख असो, मुलीचं लग्न असो, ऑपरेशन असो. पाचच श्लोक. त्यात रोग, मनाची चिंता, दैन्य, भीती यांची नावं घेऊन ती दूर करायची विनवणी आहे. आणि शेवटाकडे, नीट लक्ष देऊन म्हणा, मुक्तीबरोबर भुक्तीही मागितली आहे. ज्याच्याजवळ दंड, कमंडलू आणि पोथ्या सोडून काही नव्हतं, तो संन्यासी आपल्यासाठी संसारातलं सुखही मागतो! रिकामा पाळणा आणि गंगाखेडची ती रात्र ज्याने सोसली, त्यालाच हे सुचणार. केवळ शास्त्र वाचलेल्याने कदाचित फक्त मोक्ष मागितला असता.

संन्यासानंतर दुखणी संपली असंही नाही. संग्रहणी जन्मभर पिच्छा पुरवत राहिली. तशाच पोटाने ते अनवाणी हिमालयापासून तंजावरपर्यंत हिंडले, भिक्षेवर राहिले. दत्तमाहात्म्य, करुणात्रिपदी हे सगळं या फिरस्तीतलं. औषधं त्यांना ठाऊक होती, दुसऱ्यांना सांगतही. स्वतःच्या दुखण्याबद्दल दत्तप्रभूंकडे हट्ट धरला नाही.

1913 मध्ये नर्मदाकाठी गरुडेश्वरला आले. तिथेच शेवटचा चातुर्मास झाला. 24 जून 1914 ला देह ठेवला, साठी पुरी व्हायला थोडेच दिवस राहिले होते.

वडोदऱ्याहून गरुडेश्वर काही तासांवर आहे. यंदा जे जातील त्यांनी समाधीपुढे करुणात्रिपदी झाल्यावर एक नमस्कार अन्नपूर्णाबाईंच्या नावानेही करावा, ही विनंती.

॥ दिगंबरा दिगंबरा श्रीपादवल्लभ दिगंबरा ॥