अंध कवीचा जमाखर्च

मुसलमान म्हटला की तो मांसाहारी असणारच, असे आपण गृहीत धरून चालतो. त्यामुळे मांसच नव्हे, तर दूध, अंडी आणि मधदेखील वर्ज्य करणारा एक थोर अरबी कवी हजार वर्षांपूर्वी सीरियात होऊन गेला, हे सांगितले की ऐकणारा चमकतो. त्या कवीचे नाव अबुल अला अल-मआर्री.

हलब शहराच्या दक्षिणेला मआर्रा नावाचे गाव आहे. तिथे ९७३ साली त्याचा जन्म झाला. चौथ्या वर्षाच्या सुमारास देवीच्या आजारात त्याची दृष्टी गेली. पण स्मरणशक्ती अशी की, एकदा ऐकलेले विसरणे त्याला ठाऊक नव्हते. १००८ साली तो बगदादला गेला. ती विद्येची राजधानी होती. मात्र तिथे टिकायचे तर कुणातरी धनिकाची स्तोत्रे गावी लागत. ते त्याला जमण्यासारखे नव्हते. दीड वर्षाने आई आजारी असल्याचे कळले म्हणून तो परत निघाला, पण घरी पोहोचण्याआधीच ती गेली होती. त्यानंतर त्याने घराचा उंबरठा जवळजवळ सोडलाच नाही. आंधळेपण आणि घर या दोन तुरुंगांतला कैदी, अशी स्वतःची ओळख तो करून देई. त्याच सुमारास ताटातले मांस गेले, ते १०५७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे पंचेचाळीस वर्षे, परत आले नाही.

'लुझूमिय्यात' या काव्यसंग्रहात त्याने आपली भूमिका मांडली आहे. दूध हे पिलासाठी असते, मध माश्यांनी स्वतःसाठी साठवलेला असतो. तो काढून घेणे हा त्याच्या लेखी अन्याय होता. आणि हे तो स्वतःपुरते सांगत नव्हता, वाचणाऱ्यालाही बजावत होता.

अडचण नेमकी इथे होती. इस्लामने मांस हलाल ठरवले आहे, सक्तीचे केलेले नाही. न खाणारा त्यामुळे पापी ठरत नाही. परंतु ईश्वराने जे हलाल केले ते आपल्या मताने हराम ठरवणे हा मात्र गंभीर आरोप होतो. पुढच्या काळातल्या काही अरबी चरित्रकारांनी तर तो ब्राह्मणांच्या, म्हणजे आपल्या हिंदुस्थानातल्या, मताचा असल्याचा संशय नोंदवून ठेवला आहे.

त्याच्या उतारवयात फातिमी खिलाफतीचा विद्वान धर्मप्रचारक अल-मुअय्यद शिराझी याने त्याला पत्र लिहून याच गोष्टीचा जाब विचारला. भाषा अदबीची होती. मी बुद्धीने आजारी आहे, माझ्यावर उपचार करा, असा तिचा सूर. पण प्रश्न धारदार होता: प्राणी माणसासाठीच निर्माण झाले असतील, तर हा संयम कशासाठी? कवीने उत्तर दिले, की प्राण्यांना वेदना कळतात. आणि नेमून दिलेल्या नमाजांहून अधिक नमाज पढणे जसे पुण्याचे, तसेच सांगितल्याहून अधिक दया दाखवणे. शिवाय त्याने एक व्यावहारिक कारणही जोडले. आपले उत्पन्न वर्षाला वीस-पंचवीस दिनार, त्यातला बराचसा भाग नोकराचा. उरलेल्यात डाळ-कडधान्यच परवडते.

माझे आयुष्य बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात गेले. अर्जावर लिहिलेले कारण आणि मनातले कारण यांतले अंतर ओळखणे हा त्या नोकरीचा अर्धा भाग होता. खरे कारण सांगणे धोक्याचे असते तेव्हा माणूस ज्यावर कुणी हरकत घेणार नाही असे कारण पुढे करतो, आणि गरिबीवर सहसा कुणी हरकत घेत नाही. अल-मुअय्यदनेही घेतली नाही. उलट, खर्चाचीच अडचण असेल तर चांगल्या जेवणाची सोय सरकारातून लावून देतो, असे त्याने कळवले. अर्ज मंजूर झाला म्हणा ना! कवीने ती मदत नाकारली. त्या नकारातच खरे कारण आले.

त्याच्या श्रीमंतीबद्दलही नोंदी जुळत नाहीत. १०४७ साली मआर्र्याहून गेलेला फार्सी प्रवासी नासिर खुस्रो लिहितो, की हा कवी सधन आहे, सारे गाव त्याच्या शब्दात आहे, दोनशेहून अधिक लोक त्याच्यापाशी शिकतात. दोन खाती अशी न जुळणारी असली की हिशेबनीस दोन्हींत सारखी असलेली नोंद शोधतो. ती इथे सापडते: खुस्रोच्या सधन कवीच्या ताटातही जवाची भाकरीच आहे.

कवी गेल्यावर एक्केचाळीस वर्षांनी, १०९८ साली, क्रुसेडच्या फौजांनी मआर्रा जिंकले. भुकेल्या सैनिकांनी तिथे मेलेल्या माणसांचे मांस खाल्ल्याचे खुद्द त्यांच्याच बाजूच्या बखरकारांनी लिहिले आहे. आणि २०१३ साली सीरियातल्या यादवी युद्धात काही कट्टर बंडखोरांनी त्याच गावातल्या कवीच्या पुतळ्याचे डोके उडवले. ज्याने आयुष्यभर कुणाच्या मानेवर सुरी चालू दिली नाही, त्याच्या पुतळ्याचीही मान त्यांना सहन झाली नाही. मात्र त्या दोन पंडितांची पत्रे शाबूत आहेत. ताटावरून भांडणे पेटवणाऱ्यांनी ती जरूर वाचावीत. दोघांचे पटले नाही, पण कुणी कुणाचा घास हिसकावला नाही आणि कुणी कुणाच्या ताटात बळेच काही वाढलेही नाही.