अलेक्झांडर मिचेल पामर

अलेक्झांडर मिचेल पामर (४ मे, १८७२ – ११ मे, १९३६) हे अमेरिकन वकील व डेमोक्रॅटिक पक्षाचे राजकारणी होते. मार्च १९१९ ते मार्च १९२१ या काळात ते अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या मंत्रिमंडळात ॲटर्नी जनरल होते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत साम्यवादी व अराज्यवादी यांच्याविषयी मोठी भीती पसरली. त्या काळात पामर यांच्या खात्याने केलेली धरपकड ‘पामर धाडी’ या नावाने ओळखली जाते.

पूर्वायुष्य

पामर यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका क्वेकर कुटुंबात झाला. १८९१ मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांनी स्ट्राउड्सबर्ग येथे वकिली केली. १९०९ ते १९१५ या काळात ते प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. तेथे त्यांनी बालमजुरीविरोधी विधेयक मांडले व स्त्रियांच्या मताधिकाराला पाठिंबा दिला. विल्सन यांनी देऊ केलेले युद्धमंत्रिपद त्यांनी नाकारले, कारण क्वेकर पंथाला युद्ध अमान्य होते. ॲटर्नी जनरल झाल्यावर सुरुवातीला त्यांनी युद्धकाळात स्थानबद्ध केलेल्या अनेक जर्मनांची सुटकाही केली. त्यांचे पुढील वर्तन यामुळेच अधिक विचारात पाडणारे ठरते.

स्फोट आणि धाडी

१९१९ हे वर्ष संपांचे होते. सिॲटलमधील सार्वत्रिक संप, बॉस्टनच्या पोलिसांचा संप आणि पोलाद कामगारांचा संप यांमागे रशियन क्रांतीचा हात असल्याचा समज वृत्तपत्रांनी दृढ केला. २ जून १९१९ च्या रात्री पामर यांच्या वॉशिंग्टन येथील घराच्या दारात बॉम्बस्फोट झाला. घराचा दर्शनी भाग उद्ध्वस्त झाला, पण पामर कुटुंब बचावले. बॉम्ब आणणारा मात्र जागीच ठार झाला. त्याच रात्री इतर अनेक शहरांतही स्फोट झाले.

यानंतर पामर यांनी न्याय खात्यात जहालांची माहिती गोळा करणारा विभाग उघडला व तो २४ वर्षांच्या जे. एडगर हूवर यांच्याकडे सोपवला. नोव्हेंबरमध्ये रशियन कामगारांच्या संघटनेवर धाडी पडल्या. २१ डिसेंबर रोजी एमा गोल्डमन यांच्यासह २४९ जणांना ‘ब्यूफर्ड’ जहाजातून रशियाकडे पाठवण्यात आले. २ जानेवारी १९२० रोजी तीसहून अधिक शहरांत एकाच वेळी हजारो लोक पकडले गेले. अनेकांना वॉरंटाविना उचलण्यात आले. डेट्रॉइटमध्ये शेकडो लोक एका बोळवजा जागेत कित्येक दिवस कोंडलेले होते.

परकीय नागरिकाला हद्दपार करण्यासाठी न्यायालयीन खटल्याची गरज नव्हती. १९१८ च्या कायद्यानुसार विशिष्ट संघटनेचे सभासदत्व सिद्ध होणे पुरेसे होते. मात्र हद्दपारीचा आदेश काढण्याचा अधिकार न्याय खात्याला नसून कामगार खात्याला होता आणि पामर यांची मोहीम तेथेच अडली. त्या खात्याचा कारभार तेव्हा लुई पोस्ट हे सत्तरीचे गृहस्थ पाहत होते. त्यांनी प्रत्येक प्रकरण स्वतः तपासले आणि पुराव्याअभावी दीड हजारांहून अधिक वॉरंटे रद्द केली. संतापलेल्या काही प्रतिनिधींनी पोस्ट यांच्यावर महाभियोग चालवण्याचा प्रयत्न केला; पण सुनावणीत त्यांनी आपली बाजू इतकी समर्थपणे मांडली की तो बारगळला.

ऱ्हास

१ मे १९२० रोजी देशभर उठाव होणार, असा इशारा पामर यांनी दिला होता. न्यूयॉर्कचे सर्व पोलीस बंदोबस्तावर तैनात झाले, परंतु तो दिवस शांततेत गेला आणि वृत्तपत्रे त्यांची टिंगल करू लागली. त्याच महिन्यात फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्यासह १२ कायदेतज्ज्ञांनी न्याय खात्याच्या बेकायदा कृत्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्याचा पामर यांचा प्रयत्न त्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को अधिवेशनात फसला.

पद सोडण्यापूर्वी त्यांनी तुरुंगातील समाजवादी नेते युजीन डेब्स यांची शिक्षा कमी करण्याची शिफारस केली होती, हे फारसे सांगितले जात नाही. विल्सन यांनी ती फेटाळली.

१९३२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा तयार करण्यात पामर यांचा सहभाग होता. ११ मे १९३६ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. हूवर त्या वेळी एफबीआयचे संचालक होते आणि १९७२ पर्यंत त्या पदावर राहिले.