कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : माणसे पारखणारा कारखानदार

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, असा शिरस्ता आहे. यंदा ते काम चिटणीसांनी आम्हावर सोपविले. विषय निवडताना आमच्या डोळ्यांसमोर पेण व रोहा येथील आपल्या कुटुंबांतील तरुण होते. नोकरीच्या पाठीस न लागता कोणी गणपतीचा कारखाना काढतो, कोणी पोह्यापापडांचा धंदा करतो, कोणी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत लहानशी शेड घेतो, तर कोणी संगणकाच्या आधारे व्यवसाय मांडून त्यास स्टार्टअप म्हणतो. नाव काहीही असो, सर्वांची अडचण सारखीच. भांडवल कसेबसे जमते. पण माणसे कोणती घ्यावी, त्यांस कसे वागवावे आणि त्यांच्याशी काय बोलावे, हे कोणी शिकवीत नाही. ज्यांच्या आयुष्यातून हे शिकता येईल, असे उद्योजक लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर होत. ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत, हे आम्ही जाणतो. तरीही त्यांचेच चरित्र का घेतले, हे वाचकांस पुढे कळून येईल.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमेना. चित्रे व यंत्रे यांकडे मात्र त्यांची विलक्षण ओढ होती. म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे दैवाने त्यांस पहिला तडाखा दिला. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस नीट कळत नसे, आणि चित्रकारास तर रंग हेच भांडवल! दुसरा एखादा निराश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. ते यंत्रांची चित्रे काढण्याची विद्या शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तीच विद्या शिकवू लागले.

पुढे तेथे बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांस डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. काम येत असूनही केवळ जन्मामुळे मागे राहावे लागणे म्हणजे काय, हे त्यांनी तेव्हा अनुभविले. त्यांनी नोकरी सोडली व बेळगावची वाट धरली. तेथे वडीलबंधू रामचंद्रपंत उर्फ रामूअण्णा यांच्यासह त्यांचा सायकलींचा व्यवसाय होताच. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ सालच्या याच लहानशा दुकानापासून मोजतो.

सायकली विकता विकता लक्ष्मणरावांचे लक्ष शेतकऱ्याकडे वळले. कडबा कापण्याचे यंत्र व नंतर लोखंडी नांगर त्यांनी तयार केला. माल चांगला होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकण्यास दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत त्यांनी शेतकऱ्यास अडाणी म्हणून हिणविले नाही. त्याची शंका समजून घेणे आणि नांगर प्रत्यक्ष चालवून दाखविणे, हेच त्यांचे व्याख्यान. आजचा तरुण आपला माल कोणी घेत नाही म्हणून महिनाभरात गिऱ्हाइकावर रुसतो. त्याने ही दोन वर्षे ध्यानात ठेवावी.

पुढे बेळगावातील जागा नगरपालिकेच्या वसाहतीसाठी सोडावी लागली. अशा वेळी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकरांचा माळ त्यांनी दिला. पाणी नाही, सावली नाही, जिकडे तिकडे निवडुंग आणि त्यात नाग. १० मार्च १९१० रोजी सुमारे पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच.

त्या माळावर त्यांनी जी माणसे जमविली, त्यांची यादी पाहिली की आम्हा शिक्षकांची मान खाली जाते. शंभूराव जांभेकर हे अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडलेले. ते यंत्रकामात निष्णात झाले. के. के. कुलकर्णी हे परीक्षेत नापास झालेले. ते पडेल ते काम उचलणारे व्यवस्थापक झाले. अनंतराव फळणीकर यांनी शाळा सोडलेली; ते कल्पक अभियंते ठरले. मंगेशराव रेगे यांनी कारकुनी व हिशेब सांभाळले. वसाहतीची आखणी व व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. याहून मोठे नवल म्हणजे दरोडेखोरीची शिक्षा भोगलेल्या दोघांना लक्ष्मणरावांनी राखणीस ठेविले आणि ते विश्वासू पहारेकरी ठरले. आम्ही शिक्षकांनी ज्यांच्या प्रगतिपुस्तकावर लाल रेघ ओढली असती, त्यांच्याच हातून हा कारखाना उभा राहिला.

किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा त्यांनी नियम केला. ज्या काळी खेड्यांतील पाणवठे वेगळे होते, त्या काळची ही गोष्ट आहे. मुंबईत स्वतःस डावलले गेले त्याचे शल्य त्यांनी इतरांस डावलून भरून काढले नाही, यात त्यांचे खरे मोठेपण आहे असे आम्हास वाटते.

कोणी म्हणेल, त्यांनीही भाऊ, पुतणे व मुलगे यांसच पुढे आणले. हे खरे आहे. पण नात्याने मिळालेली जागा त्यांनी कामाने मिळवावयास लावली. चिरंजीव शंतनुराव यांस अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रसंस्थेत धाडले. तेथून ते १९२६ साली पदवी घेऊन आले आणि मग कारखान्यात रुजू झाले. पुतणे शंकरराव यांनी १९२० साली किर्लोस्कर खबर हे पत्रक सुरू केले. कारखान्यात काय चालले आहे, हे त्यातून आपल्या माणसांस व गिऱ्हाइकांस कळू लागले. त्याचेच पुढे किर्लोस्कर मासिक झाले, आणि १९३० साली स्त्री हे मासिकही निघाले. मालकाने मनातले मनात न ठेवता सांगत राहावे, ही सवय एका कारखान्यास केवढ्या कार्यापर्यंत घेऊन गेली!

आता आमची एक चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने पेण तालुक्यात गणपतीचा कारखाना काढला. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात हवा म्हणून तो सल्ल्यास आला. आमच्या वर्गात वाडीवरचा एक आदिवासी मुलगा होऊन गेला होता. त्याच्यासारखी रेषा आम्ही दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. पण तो दहावी नापास होता. आम्ही त्याचे नाव घेतले नाही. ज्ञातीतील एका शिकलेल्या, गरजू मुलाचे नाव सुचविले. मुलगा भला होता, परंतु त्याचा हात त्या कामाचा नव्हता. आखणी रखडली. मालकास ते दिसत होते, पण नात्याच्या भिडेपोटी तो त्यास बोलला नाही आणि मुंबईच्या व्यापाऱ्यासही उशिराची कल्पना वेळेवर दिली नाही. चतुर्थी तोंडावर आली तेव्हा अर्ध्या मूर्ती कारखान्यातच होत्या. पुढच्या वर्षी कारखाना बंद झाला, आणि दोन घरांचे बोलणे खुंटले ते अजून तसेच आहे. त्या तिघांपैकी कोणासही आम्ही दोष देत नाही. शिफारस आमची होती.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. तोवर त्यांच्या घराण्याचे कारखाने हरिहर, बंगळूर व पुणे येथेही उभे राहिले होते. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

ज्ञातिमंडळाने ज्ञातीतील मुलांस शिष्यवृत्ती द्यावी, पुस्तके द्यावी, अडीअडचणीस धावून जावे; त्यासाठीच मंडळ आहे. पण कारखान्यातील जागा ही मंडळाने वाटावयाची वस्तू नव्हे. आमच्या तरुणांनी माणूस घेताना त्यास दोन दिवस काम करू द्यावे, त्याचा हात पाहावा आणि मग आडनाव विचारावे. काम चुकले तर त्याच दिवशी, एकांतात व स्पष्ट सांगावे. माल उशिरा होणार असेल तर गिऱ्हाइकास ते प्रथम आपल्याच तोंडून कळू द्यावे. एवढे झाले तरी या चरित्रलेखनाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.

तो वाडीवरचा मुलगा आज दुसऱ्या एका कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. गेल्या भाद्रपदात आमच्या घरी आलेली मूर्ती त्याच्याच हातची होती, हे आम्हास मागाहून कळले.