काझिमिर फुंक

काझिमिर फुंक (२३ फेब्रुवारी १८८४ – नोव्हेंबर १९६७) हे पोलिश-अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ होते. आहारातील काही सूक्ष्म घटकांच्या अभावामुळे विशिष्ट रोग होतात, ही संकल्पना त्यांनी १९१२ मध्ये सुसूत्रपणे मांडली आणि या घटकांना 'व्हिटामाइन' हे नाव दिले. मराठीत त्यांना जीवनसत्त्वे म्हणतात. फुंक यांनी १९११ मध्ये डोपा या संयुगाचे प्रयोगशाळेत संश्लेषणही केले होते. याच संयुगाचे एक रूप, लिव्होडोपा, पुढे पार्किन्सनच्या आजारावरील (कंपवातावरील) प्रमुख औषध ठरले.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

फुंक यांचा जन्म वॉर्सा येथे झाला. त्या काळी हे शहर रशियन साम्राज्यात होते. त्यांचे वडील त्वचारोगतज्ज्ञ होते. फुंक यांनी स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९०४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर त्यांनी पॅरिसमधील पाश्चर इन्स्टिट्यूट तसेच बर्लिन व वीसबाडेन येथे काम केले. बर्लिनमध्ये त्यांना एमिल फिशर यांच्या प्रयोगशाळेत प्रथिने व अमिनो आम्लांच्या रसायनशास्त्राचा अनुभव मिळाला. १९१० मध्ये ते लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले.

डोपाचे संश्लेषण

अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे ॲड्रेनलिन शरीरात कोणत्या पदार्थापासून तयार होते, हा त्या काळी रसायनशास्त्रज्ञांपुढील एक प्रश्न होता. त्याच्या शोधात फुंक यांनी १९११ मध्ये डायहायड्रॉक्सीफेनिलॲलॅनिन, म्हणजेच डोपा, हे अमिनो आम्ल तयार केले. त्यांनी बनवलेला पदार्थ परस्परांच्या आरशातील प्रतिमांसारख्या दोन रूपांचे मिश्रण होता. त्यांपैकी केवळ डावे रूप शरीराला उपयोगी पडते. या डाव्या रूपाला लिव्होडोपा म्हणतात. १९१३ मध्ये मार्कुस गुगेनहाइम यांनी ते बाकला शेंगांतून वेगळे केले. त्या वेळी या पदार्थाचा वैद्यकीय उपयोग कोणालाही माहीत नव्हता आणि फुंक यांचे लक्षही लवकरच दुसऱ्या विषयाकडे वळले.

बेरीबेरी आणि जीवनसत्त्वांची संकल्पना

यंत्रावर सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा वापर वाढला, तसा आशियात बेरीबेरी हा रोग पसरला. या रोगात हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते, पराकोटीचा अशक्तपणा येतो आणि हृदय निकामी होऊन मृत्यूही ओढवतो. ख्रिस्तियान आइकमन यांनी जावा बेटावर केलेल्या प्रयोगांत, सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना असाच विकार होतो आणि तांदळाचा कोंडा दिल्यास तो बरा होतो, असे दिसून आले होते. मात्र कोंड्यातील गुणकारी द्रव्य कोणते, हे अज्ञात होते.

फुंक यांनी कबुतरांवर प्रयोग करून हे द्रव्य वेगळे करण्याचा प्रयत्न केला. १९११ मध्ये त्यांनी कोंड्यापासून मिळवलेल्या सांद्र अर्काविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. या अर्काची अत्यल्प मात्राही आजारी पक्ष्यांना बरे करण्यास पुरेशी होती. पुढील वर्षीच्या लेखात त्यांनी बेरीबेरीबरोबर स्कर्व्ही, पेलाग्रा आणि मुडदूस हे रोगही अशाच घटकांच्या अभावामुळे होत असल्याचे प्रतिपादन केले. रोग हा बाहेरून आलेल्या जंतूमुळे किंवा विषामुळे होतो, असे मानण्याकडे तत्कालीन वैद्यकाचा कल होता. एखाद्या पदार्थाच्या केवळ अनुपस्थितीमुळे रोग होतो, हा विचार त्यामुळे महत्त्वाचा ठरला.

जीवनास आवश्यक असलेली अमाइन संयुगे या अर्थाने त्यांनी 'व्हिटामाइन' हा शब्द वापरला. पुढे हे सर्व घटक अमाइन नसल्याचे आढळले आणि जॅक ड्रमंड यांच्या १९२० मधील सूचनेनुसार शब्दाच्या शेवटचे अक्षर वगळून 'व्हिटामिन' हे रूप रूढ झाले. फुंक यांना मिळालेले स्फटिक शुद्ध नव्हते, त्यांत प्रामुख्याने निकोटिनिक आम्ल होते. बेरीबेरी बरे करणारे थायमिन (जीवनसत्त्व ब-१) शुद्ध रूपात प्रथम १९२६ मध्ये यान्सेन आणि डोनाथ यांनी मिळवले. जीवनसत्त्वांविषयीच्या कार्यासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक आइकमन आणि फ्रेडरिक हॉपकिन्स यांना मिळाले. फुंक यांचा त्यात समावेश नव्हता.

पुढील आयुष्य

१९१५ मध्ये फुंक अमेरिकेत गेले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथील नागरिकत्व स्वीकारले. १९२३ मध्ये ते रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने वॉर्साला परतले आणि तेथील राज्य आरोग्य संस्थेत जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते फ्रान्समध्ये गेले व त्यांनी पॅरिसजवळ स्वतःची प्रयोगशाळा स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी ते अमेरिकेत परतले. उत्तरायुष्यात संप्रेरके आणि कर्करोग हे त्यांच्या संशोधनाचे विषय होते.

डोपा आणि पार्किन्सनचा आजार

शरीरात डोपापासून डोपामिन तयार होते, हे १९३८ मध्ये पीटर होल्ट्झ यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. १९५७ मध्ये आर्विद कार्लसन यांनी सर्पगंधेतील रेझर्पिन देऊन निश्चल केलेले ससे डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, हे दाखवले. १९६० मध्ये व्हिएन्नातील एरिंगर आणि होर्निकीविच यांना पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची मोठी कमतरता आढळली. पुढील वर्षी व्हिएन्नातच बिर्कमायर आणि होर्निकीविच यांनी रुग्णांना लिव्होडोपा शिरेतून दिले. मात्र त्याचा परिणाम अल्पकाळ टिकत असे.

फेब्रुवारी १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी डोपाची मात्रा सावकाश वाढवत नेऊन दीर्घकाळ टिकणारी सुधारणा घडवता येते, हे सिद्ध केले. त्यांनी प्रथम वापरलेला पदार्थ फुंक यांनी बनवला होता तसाच दोन्ही रूपांचे मिश्रण होता. नंतर त्यांनी केवळ लिव्होडोपाचा वापर केला.

जीवनसत्त्वे, लिव्होडोपा आणि थकवा

लिव्होडोपाचे डोपामिनमध्ये रूपांतर करणाऱ्या विकराला जीवनसत्त्व ब-६ ची गरज असते. ब-६ च्या मोठ्या मात्रेमुळे हे रूपांतर मेंदूबाहेरच वेगाने होते आणि औषधाचा परिणाम घटतो, असे १९६९ मध्ये आढळून आले. लिव्होडोपासोबत कार्बिडोपा दिल्यास मेंदूबाहेरील रूपांतर रोखले जाते. त्यामुळे आजच्या संयुक्त गोळ्यांबाबत ही अडचण बव्हंशी उरलेली नाही. तरीही ब-६ दीर्घकाळ अतिप्रमाणात घेतल्यास संवेदी मज्जातंतूंना इजा होऊ शकते. लोहाच्या गोळ्या लिव्होडोपासोबतच घेतल्यास औषधाचे शोषण कमी होते, म्हणून दोन्हींमध्ये अंतर ठेवले जाते.

पार्किन्सनच्या आजारात थकवा हे वारंवार आढळणारे लक्षण आहे. कंप आणि ताठरपणा औषधाने आटोक्यात आल्यावरही तो टिकून राहू शकतो. अपुरी झोप, नैराश्य, उभे राहताना घटणारा रक्तदाब, रक्तक्षय, थायरॉइडचे विकार किंवा औषधाचा प्रभाव ओसरणे, ही त्यामागील संभाव्य कारणे असतात. दीर्घकाळ लिव्होडोपा घेणाऱ्यांत ब-१२ ची पातळी कमी आढळू शकते. तपासणीत अशी कमतरता दिसल्यास पूरक मात्रेचा उपयोग होतो. कमतरता नसताना जीवनसत्त्वांमुळे हा थकवा दूर होतो, असे सिद्ध झालेले नाही. थायमिनच्या मोठ्या मात्रेचे काही लहान अभ्यास झाले आहेत. मात्र त्यांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटाशी तुलना नसल्याने ते निर्णायक मानले जात नाहीत.

मृत्यू आणि वारसा

कोत्झियास यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, नोव्हेंबर १९६७ मध्ये, न्यू यॉर्क राज्यात फुंक यांचे निधन झाले. बेरीबेरीत थायमिन आणि पार्किन्सनच्या आजारात लिव्होडोपा देणे, हे दोन्ही उपचार शरीरात उणे असलेले द्रव्य भरून काढण्याच्या तत्त्वावर आधारलेले आहेत. थायमिनमुळे बेरीबेरी बरा होतो. लिव्होडोपामुळे मात्र लक्षणे कमी होतात, मेंदूतील पेशींचा ऱ्हास थांबत नाही. उणीव कशाची आहे हे आधी निश्चित करावे आणि मग ती भरून काढावी, ही फुंक यांच्या संकल्पनेमागील पद्धत जीवनसत्त्वांच्या वैद्यकीय वापरात आजही पाळली जाते.