शिल्लक कोठून आली?
नामदार गोखले यांचें अल्प चरित्र

आंकड्यांचें नांव काढलें कीं पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. गणिताचा तास एकदांचा संपावा, असेंच त्यांस वाटतें. परंतु आमच्या कळंब्याच्या पंचक्रोशींत ज्यांची उसाची शेती आहे, त्या पालकांस हें सांगावयास नको कीं, गुळाची अडत्याकडून आलेली पट्टी नीट वाचतां न आल्यास वर्षाची मेहनत पाण्यांत जाते. एका थोर पुरुषानें साऱ्या देशाच्या जमाखर्चाची पट्टी अशीच डोळसपणें वाचली, आणि ती गरिबांच्या कामीं आली. ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले विद्यार्थिदशेंत कांहीं वर्षें आपल्याच कोल्हापुरांत होते. म्हणून त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक या गांवीं झाला. त्यांचे वडील कृष्णराव कागल येथें नोकरीस होते. १८७९ सालीं वडील वारले आणि घरावर आकाश कोसळलें. वडील बंधु गोविंदराव यांनीं आपलें शिक्षण सोडून कागलास दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली, आणि त्यांतून ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या गोपाळास पाठवूं लागले. बाकी राहिले ७ रुपये. त्यांत सारें घर चालावयाचें. ही वजाबाकी ज्या मुलानें लहानपणींच पाहिली, त्याला पैशापैशाचें मोल निराळें शिकवावें लागलें नसेल.

१८८१ सालीं मॅट्रिक होऊन गोखले राजाराम कॉलेजांत गेले. पुढें पुण्याचें डेक्कन कॉलेज व मुंबईचें एल्फिन्स्टन कॉलेज येथें शिकून १८८४ सालीं ते बी. ए. झाले. नंतर पुण्यास न्यू इंग्लिश स्कुलांत व फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं अध्यापन केलें. त्यांचें अंकगणिताचें पुस्तक अनेक वर्षें शाळांतून चाललें. न्यायमूर्ति रानडे हे त्यांचे गुरु. सोलापुरास हेडमास्तर असलेले रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांचेंहि त्यांस मोठें साह्य झालें. सरकारी अहवालांतील आंकडे गोळा करून ते एकमेकांशीं ताडून पाहावे, ही शिस्त गोखल्यांनीं या दोघांच्या सहवासांत अंगीं बाणविली.

तिची कसोटी १९०२ सालीं लागली. वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रक मांडलें गेलें, तेव्हां सरकारच्या तिजोरींत सलग चार वर्षें शिल्लक पडत होती. शिल्लक आहे म्हणजे प्रजा सुखी आहे, असा अर्थ सरकारपक्षाकडून लावला जाई. गोखल्यांनीं साधाच प्रश्न केला: ही शिल्लक आली कोठून?

त्यांचें उत्तर आमच्या विद्यार्थ्यांस सहज समजेल असें आहे. सरकारला दरवर्षीं मोठी रक्कम इंग्लंडास पौंडांत पाठवावी लागे. एका पौंडाचे २४० पेन्स. १८९४-९५ च्या सुमारास रुपयाचा भाव १३ पेन्सांच्या आसपास उतरला होता, म्हणून एका पौंडास सुमारें साडेअठरा रुपये पडत. रुपया घसरत गेला त्या काळांत कर वाढले. मिठावरील कर १८८८ सालींच मणामागें २ रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. पुढें रुपया १६ पेन्सांवर स्थिरावला. आतां पौंडास १५ रुपयेच पडूं लागले. म्हणजे दर पौंडामागें साडेतीन रुपयांच्या जवळपास बचत झाली. पण वाढविलेले कर मात्र तसेच राहिले. शिल्लक ही रयतेच्या भरभराटीची खूण नसून, तिच्याकडून गरजेपेक्षां अधिक घेतल्याची खूण होती. १८९६-९७ व १८९९-१९०० या सालीं तर देशांत भयंकर दुष्काळ पडले होते.

गोखल्यांचें म्हणणें ऐकून घ्यावें लागलें. १९०३ सालीं मिठाचा कर २ रुपयांवर आला, व प्राप्तीवरील कराची सूट ५०० रुपयांच्या उत्पन्नावरून १००० वर गेली. १९०५ सालीं मिठाचा कर दीड रुपया व १९०७ सालीं एक रुपया झाला. कर उतरला तसा मिठाचा खपहि वाढला. तिजोरीचें उत्पन्न घटलें खरें, पण गरिबाच्या भाकरीस चव आली.

सर्वत्र त्यांस यश आलें असें मात्र नाहीं. १९११ सालीं त्यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक आणलें, तें १९१२ सालीं फेटाळलें गेलें. आंकडे खरे असले तरी ऐकणाऱ्याचें मन तयार असावें लागतें. आपल्या कोल्हापुरांत छत्रपति शाहू महाराजांनीं १९१७ सालीं तसा कायदा केला; पण तो पाहावयास गोखले उरले नव्हते. अतिश्रमानें खंगून १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, ते पुण्यास निवर्तले.

त्यांनीं १९०५ सालीं स्थापिलेल्या भारत सेवक समाजानें १९३० सालीं पुण्यास त्यांच्या नांवें अर्थशास्त्राची संस्था उभारली. धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले संचालक. पुण्याच्या बाजारांत फळांची विक्री कशी होते, याची पाहणी हें या संस्थेच्या आरंभींच्या कामांपैकीं एक होय. राज्यकारभाराची पारख जशी आंकड्यांनीं होते, तशीच व्यापाराचीहि होते, हें त्यावरून दिसून येतें.

आज आंकडे जमविण्यास यंत्रें आहेत. पण प्रश्न विचारणें हें माणसाचेंच काम राहिलें आहे. यंदा गुळाचे पैसे अधिक आले, तर ते उतारा वाढल्यानें आले कीं केवळ बाजारभाव चढल्यानें? पहिलें असेल तर आपली रीत बरी. दुसरें असेल तर तिच्यावर विसंबून पुढील वर्षीं कर्ज काढणें धोक्याचें. आमच्या विद्यार्थ्यांनीं सुटींत वडिलांजवळ बसून घरची वही एकदां उघडावी, आणि हा प्रश्न नम्रपणें विचारावा, एवढीच आमची त्यांस विनंति आहे.