सुगरणीच्या खोप्यांपाशी : डॉ. सालिम अली

कासुर्डीसारख्या गावी विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबताना आपण पाहतो आणि पुढे जातो. याच खोप्यांपाशी थांबून ज्यांना आयुष्याच्या कठीण काळात वाट सापडली, ते थोर पक्षितज्ज्ञ म्हणजे डॉ. सालिम अली.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीचा गळा पिवळा दिसला. तिची ओळख विचारण्यासाठी हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि पक्ष्यांचाच झाला. पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी त्यांना प्राणिशास्त्राच्या अभ्यासाकडे वळविले.

बर्लिनमध्ये पक्षिशास्त्राचे धडे घेऊन १९३० मध्ये ते परतले, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांचे पद पैशांअभावी रद्द झाले होते. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळील किहीम येथे राहावयास गेले. तेथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. हाती नोकरी नव्हती. वेळ मात्र भरपूर होता. त्या पावसाळ्यात ते तासन्‌तास खोपे निरखीत राहिले.

त्यांना दिसले ते नवलाचे होते. आपण ज्याला सुगरण म्हणतो, तो खोपा विणणारा पक्षी नर असतो. खोपा अर्धा झाला की मादी येऊन तो पारखते. पसंत पडला तर नर तो पूर्ण करतो आणि दुसरा विणावयास घेतो. नापसंत ठरला तरी तो खचत नाही, पुन्हा पहिल्या काडीपासून आरंभ करतो. १९३१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि बेकारीतील त्या दिवसांनी त्यांना जाणकारांत नाव मिळवून दिले.

१९३९ मध्ये तेहमिना निवर्तल्या. त्या दुःखातही त्यांनी काम सोडले नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ निघाला. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. आत्मचरित्राच्या नावात त्यांनी पडलेल्या चिमणीचीच आठवण ठेवली होती.

चिमणीच्या पडण्याचीही दखल घेणारा पिता आपल्याला शुभवर्तमानात भेटतो. हाती काम नसलेल्या, मन खचलेल्या आपल्या तरुणांनी एकदा विहिरीकाठी त्या खोप्यांपाशी शांत बसून पाहावे.